किल्ली उलटी फिरवली की काय काय बंद होतं?

फेब्रुवारी २०१४ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या बरोबरीच्या काही गाड्या परत बोलवायला सुरुवात केली. आकडा वाढत वाढत सुमारे २६ लाख गाड्यांवर गेला. दोष इंजिनात नव्हता आणि ब्रेकमध्येही नव्हता. किल्ली ज्यात फिरते तो इग्निशन स्विच आतून ढिला होता. 'ऑन'वर किल्ली जितकी घट्ट बसायला हवी तितकी बसत नसे. किल्लीला जड जुडगा लटकत असला, गाडी खड्ड्यात आदळली किंवा चालवणाऱ्याचा गुडघा लागला, की किल्ली एक घर मागे सरकायची आणि धावत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. त्याबरोबर स्टिअरिंग जड व्हायचं, ब्रेक कडक व्हायचा आणि पुढे धडक झालीच तर एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीने उभारलेल्या भरपाई निधीने या दोषामुळे झालेले १२४ मृत्यू मान्य केले.

त्या गाड्या आपल्याकडे विकल्याच जात नव्हत्या. जुडगे मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. घराची, कपाटाची, ऑफिसच्या ड्रॉवरची, स्कूटरची अशा सगळ्या किल्ल्या एकाच कडीत, आणि वर पितळेची राजमुद्रा. गाडीची किल्ली एकटी ठेवावी, फार तर एक हलका पट्टा. चांगल्या स्विचमध्येही रोज एवढं वजन लोंबकळलं की आतले भाग लवकर झिजतात.

हे प्रकरण आधी सांगायचं कारण असं की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी सुरू करायला शिकवतात, पण बंद कशी करायची हे जवळपास कुणी शिकवत नाही. माझ्या मते धोका जास्त आहे तो बंद करण्यातच.

किल्लीला साधारण चार घरं असतात. पहिलं लॉक. किल्ली काढून स्टिअरिंग थोडं फिरवलं की आतून एक खिळा 'खट्' करून बसतो आणि चाक अडतं. दुसरं एसीसी: रेडिओ, चार्जर वगैरे चालतं, बाकी काही नाही. तिसरं ऑन. इथे गाडी जागी होते. पेट्रोलचा पंप टाकीत दोन-तीन सेकंद गुणगुणतो (मागची सीट शांत असेल तर ऐकू येतो), संगणक सेन्सर तपासतो, डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात. चौथं स्टार्ट. तिथे किल्ली धरून ठेवावी लागते, सोडली की ती आपोआप ऑनवर परत येते.

तिसऱ्या घरात क्षणभर थांबायचं असतं. बहुतेक जण एसीसीवरून थेट स्टार्टवर उडी मारतात. ऑनवर सगळे दिवे लागणं हीच दिव्यांची परीक्षा. ऑइलचा लाल दिवा, म्हणजे ते तेलाच्या कॅनचं चित्र, इथे लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. विझला नाही तर ताबडतोब इंजिन बंद करा, कारण तेलाच्या दाबाशिवाय इंजिनाची बेअरिंग फार थोड्या वेळात खराब होतात. बॅटरीचं चित्र विझलं नाही तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बॅटरीला चार्जिंग देत नाहीये. एअरबॅगचा दिवा ऑन केल्यावर लागलाच नाही तर जुनी गाडी घेताना तिथेच संशय घ्या. दोष लपवण्यासाठी तो दिवाच काढून टाकण्याचे प्रकार होतात.

डिझेल गाडीत याच घरात पिवळ्या गुंडाळीचं चित्र दिसतं. डिझेलला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेईल, हे त्याचं तत्त्व. थंड इंजिनात ती उष्णता कमी पडते म्हणून ग्लो प्लग आतली जागा तापवतात. मुंबईत ही गुंडाळी जवळजवळ लगेच विझते, जानेवारीत निफाडला किंवा महाबळेश्वरला थोडी थांबायला लावते. ती विझल्यावरच सेल्फ मारावा.

आता सेल्फ मारण्याआधीची गोष्ट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे दृश्य सगळ्यांनी पाहिलं असेल. गृहस्थ दार उघडून बाहेरच उभे राहतात, एक हात आत घालतात आणि किल्ली फिरवतात. "एसी लावून ठेवतो, तोवर तुम्ही या." गाडी रात्री पहिल्या गिअरमध्ये लावलेली असते. सेल्फची मोटार लहान असली तरी पहिल्या गिअरमध्ये पूर्ण गाडी पुढे ढकलायला पुरते, आणि इंजिनाने पेट घेतला तर गाडी थांबतच नाही. समोर भिंत, खांब किंवा फुलांची कुंडी उचलणारं माणूस. गृहस्थांचा पाय ब्रेकवर नाही, कारण पाय गाडीत नाही. गंमत अशी की गिअरमध्ये गाडी लावून ठेवणं ही चांगलीच सवय आहे. म्हणूनच तिच्या जोडीला दुसरी सवय हवी: सीटवर बसल्याशिवाय किल्लीला हात नाही. बसायचं, हँडब्रेक वर आहे हे बघायचं, क्लच पूर्ण दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणून दांडा डावी-उजवीकडे सैल हलतोय ना ते पाहायचं, उजवा पाय ब्रेकवर, मग सेल्फ. नव्या अनेक गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही. ऑटोमॅटिकमध्ये दांडा 'पी'वर आणि पाय ब्रेकवर, एवढं पुरतं.

क्लच दाबल्याने दुसरंही साधतं. सेल्फला गिअरबॉक्समधले दात आणि घट्ट तेल फिरवावं लागत नाही, बॅटरीवरचा भार तेवढा कमी होतो. हा भार लहान नसतो. घरातला गीझर नऊ-दहा अँपिअर ओढतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. तेवढ्या प्रवाहात मोटारीची वायंडिंग झपाट्याने तापते. म्हणून एका वेळी पाच सेकंद, फार तर दहा. नाही लागली तर अर्धा मिनिट थांबायचं आणि मग पुन्हा. 'लागेल, लागेल' म्हणत सलग सेल्फ मारणारा माणूस बॅटरी आणि सेल्फ दोन्ही संपवतो.

थांबलेल्या त्या अर्ध्या मिनिटात आवाज आठवा. नुसतं टकटकटक आलं आणि डॅशबोर्ड मंदावला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी साचली आहे. एकच ठाम 'टक' आला आणि दिवे जसेच्या तसे राहिले, तर बहुधा सेल्फचा दोष. सेल्फ मजेत फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर दोष इंधनाचा किंवा ठिणगीचा. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकतंय, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. मेकॅनिकला फोनवर एवढं नेमकं सांगितलं तर तो योग्य वस्तू पिशवीत टाकून येतो.

किल्ली पहिल्या घरातून हलतच नसेल तर घाबरू नका, जोरही लावू नका. स्टिअरिंगचा तो खिळा ताणाखाली अडकलेला असतो. एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे खेळवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली की सुटतं. किल्ल्या मोडतात त्या बहुतेक इथेच.

सुरू झाल्यावर पाच मिनिटं गाडी 'गरम' करत बसण्याची पद्धत कार्ब्युरेटर आणि चोकच्या काळातली. तेव्हा थंड इंजिन खरंच बंद पडायचं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक थंडीनुसार इंधन वाढवतो, तेल काही सेकंदांत वरपर्यंत पोचतं. महाराष्ट्राच्या हवेत सीटबेल्ट लावेपर्यंतचा वेळ पुरेसा आहे. मात्र पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न करता चालवा. उभ्या उभ्या तापण्यापेक्षा हळू चालताना इंजिन लवकर तापतं. थंड इंजिन सुरू होताच 'भ्रूम भ्रूम' करणं म्हणजे तेल नीट पसरायच्या आत धातूवर धातू घासणं.

सुरू करण्याचं एवढंच. आता उताराकडे.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका अवजड वाहनाने पुढच्या कित्येक गाड्यांना धडका दिल्या. पहिली बातमी नेहमीची होती: ब्रेक फेल. नंतर तपासात पुढे आलं की ड्रायव्हरने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला टाकली होती. म्हणजे ब्रेक आपोआप गेले नव्हते, किल्लीने घालवले होते.

हे कसं होतं ते आपल्याच कारमध्ये बघता येतं. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, ब्रेक पेडलच्या समोर, एक मोठा काळा गोल डबा दिसतो. हा ब्रेकचा बूस्टर. त्यात इंजिन चालू असताना हवा ओढून पोकळी तयार होते. पेट्रोल गाडीत ती बहुधा इंजिनाच्या हवा आत घेण्याच्या नळीतून मिळते, डिझेलमध्ये वेगळ्या पंपाने. पाय पेडलवर पडला की बाहेरच्या हवेचा दाब त्या पोकळीच्या दिशेने ढकलतो आणि आपल्या पायाचा जोर कित्येक पट वाढतो. इंजिन बंद झालं की पोकळी नव्याने तयार होत नाही. डब्यात शिल्लक असते ती दोन-तीन दाबांपुरती. त्यानंतर पेडल कडक होतं. ब्रेक असतात, पण ते लावायला दोन्ही पायांनी जीव खाऊन दाबावं लागतं. ज्याला हे माहीत नाही तो 'ब्रेक लागत नाहीये' असं समजून पाय उचलतो आणि पुन्हा पुन्हा पंप करतो. प्रत्येक पंपाने उरलीसुरली पोकळी जाते.

घरी करून बघा. गाडी सपाटीला, हँडब्रेक वर, न्यूट्रल, इंजिन बंद. ब्रेक चार-पाच वेळा दाबा. दर वेळी पेडल थोडं वर राहील आणि शेवटी हलेनासं होईल. आता पाय तसाच दाबून धरा, क्लचही दाबा आणि सेल्फ मारा. इंजिन लागताक्षणी पेडल पायाखाली बोटभर आत जाईल. ही मदत म्हणजेच बूस्टर. इंजिन लागूनही पेडल खाली गेलं नाही, तर बूस्टर किंवा त्याची नळी गळते आहे, आणि घाटात जायच्या आधी गॅरेजला जायचं.

मोठ्या ट्रक-बसमध्ये पोकळीच्या जागी दाबलेली हवा असते आणि ती इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद म्हणजे भरती बंद. प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा खर्च होत राहते. शिवाय न्यूट्रलमुळे इंजिनाची स्वतःची अडवणूक, जिला आपण इंजिन ब्रेकिंग म्हणतो, ती नाहीशी होते. सगळं वजन ब्रेकच्या लायनिंगवर येतं, लायनिंग तापतात आणि तापल्यावर पकड सोडतात.

एवढा धोका पत्करून वाचतं किती? इंजेक्शनच्या कुठल्याही गाडीत उतारावर गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला, की संगणक इंधन बंद करतो. अगदी शून्य. इंजिनाला चाकं फिरवत असतात, त्याला थेंबही लागत नाही. फेरे मिनिटाला साधारण हजार-दीड हजाराच्या खाली आले की इंधन पुन्हा सुरू होतं. उलट न्यूट्रलला टाकून इंजिन चालू ठेवलं, तर ते बंद पडू नये म्हणून सतत इंधन घालावं लागतं. म्हणजे खंबाटकी तिसऱ्या गिअरमध्ये उतरणारा न्यूट्रलवाल्यापेक्षा कमी पेट्रोल जाळतो. 'न्यूट्रलला सोडली की ॲव्हरेज मिळतो' हे कार्ब्युरेटरच्या काळात काही प्रमाणात खरं होतं. तो काळ जाऊन दोन दशकं झाली, सल्ला मात्र अजून ड्रायव्हर मंडळी नव्या पोरांना देतात. ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुनाच नियम अजून चांगला आहे.

आणि किल्ली? धावत्या गाडीत ती मागे फिरवायचीच वेळ आली, म्हणजे ॲक्सिलरेटर अडकला, तर ती पहिली गोष्ट करायची नाही. आधी ब्रेक, एकदाच आणि पूर्ण जोराने, पंप न करता. त्याच वेळी क्लच दाबून किंवा दांडा 'एन'ला टाकून इंजिन आणि चाकं वेगळी करायची. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. त्याला जास्तीच्या फेऱ्यांपासून वाचवायला आतच मर्यादा घातलेली असते. गाडी कडेला थांबली की इंजिन बंद. थांबायच्या आधीच बंद करणं भाग पडलं तर किल्ली एकच घर मागे, लॉकपर्यंत कधीही नाही.

बटणाच्या गाडीत हे आणखी अवघड होतं. २८ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचा एक अधिकारी कुटुंबाला घेऊन डीलरने तात्पुरती दिलेली लेक्सस ईएस ३५० चालवत होता. दुसऱ्या मॉडेलचं जाड रबरी मॅट ॲक्सिलरेटरवर अडकलं. गाडी ताशी शंभर मैलांच्या वर गेली. चौघेही गेले. हा माणूस पेशाने हायवेवर गाडी चालवणारा होता. पण त्या गाडीत धावताना इंजिन बंद करायला बटण सुमारे तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं, आणि उसन्या गाडीतली ही गोष्ट कुणाला ठाऊक असणार? घाबरलेला माणूस बटण टकटक दाबतो, धरून ठेवत नाही. त्यानंतर लेक्सस बनवणाऱ्या टोयोटाने मॅटच्या कारणावरून लाखो गाड्या परत बोलावल्या.

तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलं ते एक पान वाचा. बऱ्याच गाड्यांत धावताना बटण काही सेकंद धरून ठेवायचं असतं, काहींत झटपट दोन-तीन वेळा दाबलं तरी चालतं. मित्राची किंवा भाड्याची गाडी घेताना मालकाला हेच विचारा, गाण्यांचं ब्लूटूथ नंतर जोडलं तरी चालेल. आणि ड्रायव्हरच्या बाजूला मॅटवर मॅट टाकू नका. पावसाळ्यात चिखल नको म्हणून मूळ मॅटवर आणखी एक रबरी मॅट, त्यावर वर्तमानपत्र, हे आपल्याकडे सर्रास चालतं. खाली मॅट अडकवायचा हूक दिलेला असतो, तो त्यासाठीच.

बटणाच्या किल्लीतला सेल उतरला तर गाडी बंद झाली असं नाही. बहुतेक गाड्यांत किल्ली थेट बटणाला टेकवून, किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत ठेवून, ब्रेक दाबून बटण दाबलं की गाडी सुरू होते. दार उघडायला त्या किल्लीच्याच पोटात धातूची छोटी किल्ली असते.

आता रोजचं थांबणं. सपाट जागेवर फार काही नाही: गाडी पूर्ण थांबली, हँडब्रेक ओढला, न्यूट्रल, इंजिन बंद, मग पहिला गिअर टाकून क्लच सोडला. बंद करण्याआधी एकदा रेस देण्याची सवय अजून काहींना आहे. तिचा उपयोग शून्य.

चढ-उतारावर क्रम महत्त्वाचा. पाय ब्रेकवर ठेवून न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मग ब्रेकवरचा पाय हळूच सैल करून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या. गाडी किंचित सरकून टेकते. मग पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद, आणि गिअर: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकमध्येही 'एन', हँडब्रेक, पाय सैल, आणि शेवटी 'पी'. सरळ 'पी' टाकून पाय उचलला तर सगळी गाडी गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर लटकते, आणि सकाळी 'पी'तून काढताना जो मोठा 'खटाक्' होतो तो त्याचाच. उताराला तोंड असेल तर चाकं फूटपाथकडे वळवून ठेवा. घाटात मात्र कठडा नसलेल्या दरीच्या बाजूला गाडी लावूच नका. दुसरी जागा नसेल तर डोंगराच्या बाजूला आणि चाकाला दगड. निघताना तो दगड रस्त्यातच टाकून जाणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण ते छापण्यासारखं होणार नाही.

टर्बो असलेल्या गाड्यांत, म्हणजे आजची जवळपास प्रत्येक डिझेल आणि बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या, आणखी एक मिनिट लागतं, पण रोज नाही. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, एका बाजूला तप्त धूर असतो, आणि त्याला वाचवतं ते इंजिनाचं वाहतं तेल. वाईहून पसरणीचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेटून चढलात आणि पाचगणीच्या पहिल्याच स्ट्रॉबेरीच्या दुकानापाशी किल्ली फिरवलीत, की तेल जागच्या जागी थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगवर करपून थर धरतं. एक मिनिट इंजिन चालू राहू द्या, तोवर भाव विचारून होतो. गावातून हळू चालवत आला असाल तर टर्बो आधीच थंडावलेला असतो, थांबायची गरज नाही.

थांबल्यावर गाडी कशावर उभी आहे तेही बघा. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असतो आणि चांगलं अंतर चालल्यावर काही शे अंश तापलेला असतो. ऊसतोडीनंतरच्या पाचटात किंवा उन्हाळ्यातल्या वाळक्या गवतात गाडी घालून वर इंजिन चालू ठेवणं म्हणजे आग लावण्याची तयारी.

इंजिन चालू ठेवून खाली उतरण्याबद्दल कायदाही बोलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या गाडीत एकतर परवानाधारक माणूस ड्रायव्हरच्या सीटवर हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. 'दोन मिनिटांत एटीएममधून आलो' म्हणत मुलांना एसीत बसवून जाणारे हे कलम तर मोडतातच, शिवाय गिअरच्या दांड्यापाशी पाच वर्षांचा ड्रायव्हर बसवून जातात.

त्याहून गप्प धोका कार्बन मोनॉक्साइडचा. याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. शटर खाली ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन सुरू करायचं नाही, शटर आधी वर. लग्नकार्यात किंवा यात्रेत ड्रायव्हर रात्रभर काचा लावून एसीत झोपतात, त्यांना कार्यालयात एक गादी द्या. बटणाच्या गाड्या इतक्या शांत असतात की इंजिन चालू ठेवूनच लोक किल्ली खिशात घालून घरात जातात. अमेरिकेत घराला जोडलेल्या गॅरेजमुळे यात अनेक जीव गेले आहेत. उतरताना डॅशबोर्ड पूर्ण काळा झाला का, ते एकदा बघायचं.

बॅटरी उतरलीच तर धक्का-स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीत चालतो: किल्ली ऑनवर, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकलायचं आणि वेग आल्यावर क्लच सोडायचा. बॅटरी पूर्ण मेली असेल तर पंप आणि संगणकालाच वीज नसते, कितीही पोरं लावा, गाडी लागणार नाही. दुसऱ्या गाडीवरून केबल लावताना आधी लाल वायर दोन्ही धन टोकांना, मग काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावर उघड्या धातूला. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती बॅटरीपासून लांब.

राहिलं पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या संध्याकाळी काही माणसं बंद पडलेल्या गाड्यांतच अडकून गेली. पाण्यात गाडी बंद पडली तर पट्टा सोडा, वीज आहे तोवर काच खाली करा, दाराचं लॉक उघडा आणि बाहेर पडा. सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये थोडं जरी पाणी शिरलं असेल आणि पिस्टन वर आला, तर पाणी दबत नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडेपर्यंत इंजिन बहुधा शाबूत असतं, पुष्कळदा मोडतं ते नंतरच्या त्या एका सेल्फने. विमा कंपन्याही हेच विचारतात. साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. गाडी टो करून न्या. मेकॅनिक आधी प्लग किंवा इंजेक्टर काढेल, मोकळ्या भोकांतून पाणी बाहेर उडू देईल, तेल आणि एअर फिल्टर बदलेल, आणि मगच पहिल्यांदा किल्ली फिरवेल.